दोन्ही बाजूंचा जुळारी

"थांब जरा, होड्या बघू," असं म्हणून मोरेश्वर काका पुलाच्या कठड्याला टेकले.

अमेरिकेतल्या वूस्टरच्या जुन्या लायब्ररीतून निघून त्यांना तास होत आला होता. क्विन्सिगमंड तळ्यावरचा पूल आत्ता कुठे निम्मा झाला होता आणि श्रूजबरीचा चढ पुढे तसाच उभा होता. सुहासिनीची गाडी सकाळीच गॅरेजला गेली होती. शेजारणीने तिला लायब्ररीपाशी सोडलं, ते काकांना आजच्या आज गाठायचं म्हणून. काका म्हणाले, "मी मंगळवारी चालतच घरी जातो. येतेस तर चल." ती आपली घरातल्या सपाता घालून निघालेली.

सुहासिनी मराठी मंडळाची सेक्रेटरी. गणपती अकरा दिवसांवर आले होते आणि मंडळ फुटायच्या बेतात होतं. भांडण काय, तर मूर्ती कुठे बसवायची. मंडळातल्या राजीवचं आणि त्याच्या गटाचं म्हणणं, स्टेजवर. मखर, पडदा, लाइट्स, सगळं थाटात. सुलेखाचं म्हणणं, खाली हॉलमध्ये, माणसांच्या मधोमध. महिनाभर ईमेल झाले, फोन झाले, मग निनावी पत्रकं निघाली. इंडियन ग्रोसरीच्या दुकानात तांदळाच्या पोत्यांवर कुणीतरी गठ्ठे ठेवून जायचं. स्टेजच्या बाजूच्या पत्रकाखाली 'एक भक्त', हॉलच्या बाजूच्या पत्रकाखाली 'एक हितचिंतक'. रविवारी शेवटची मीटिंग होती. त्यात जुळलं नाही तर एवढ्याशा गावात यंदा दोन गणपती बसणार हे नक्की होतं.

"काका, तुमच्याकडे सगळे येतात-जातात," ती म्हणाली. "ही पत्रकं कोण काढतं ते मला शोधून द्या. दोघांना समोरासमोर बसवते आणि विचारते, लाज नाही का वाटत?"

काका हसले. कठडा सोडून पुन्हा चालू लागले.

काकांची एक सवय गावात सगळ्यांना माहीत होती. विचारावं एक, तर ते सांगलीपासून सुरुवात करत. सांगलीच्या एका छापखान्यात त्यांनी एकतीस वर्षं जुळाऱ्याचं काम केलं. म्हणजे अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, उलट्या अक्षरांच्या ओळी लावायच्या, पान बांधायचं. पुढे खिळे भंगारात गेले, तेव्हा पन्नाशीत काका कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकले. काकू गेल्यावर मुलगा शंतनू त्यांना इकडे घेऊन आला, त्यालाही आता तीन वर्षं झाली होती. घरात बसून टीव्ही किती बघणार? लायब्ररीत फाटक्या जुन्या चोपड्या दुरुस्त करायला माणूस हवाय असं कळलं आणि काका गेले. इंग्रजी जेमतेम. पण पहिल्याच दिवशी त्यांनी एक कागद उजेडाकडे धरला, बोटाने घडी चाचपली आणि ही चुकीची शिवलीय म्हणून दाखवून दिलं. तिथल्या मिसेस डॉयलनी त्यांना तिथल्या तिथे टेबल दिलं.

"आज काय गंमत झाली सांगू?" काका म्हणाले. "इंग्लंडातली चोपडी आली आहेत. पावणेचारशे वर्षांपूर्वीची. राजा आणि पार्लमेंट यांची जुंपली होती तेव्हाची."

"काका, मी काय विचारतेय..."

"ऐक तर. भांडण कशावरून, माहितेय? चर्चमधलं टेबल. ज्यावर त्यांचा प्रसाद ठेवतात ते. एक बाजू म्हणते, भिंतीला लावा, उंचावर, पुढे कठडा घाला. दुसरी म्हणते, खाली आणा, माणसांच्या मधोमध."

सुहासिनी चालता चालता थांबली. "खरंच?"

"मिसेस डॉयलनी मला हातवारे करून समजावलं. मी म्हटलं, मॅडम, आय नो. सेम इन श्रूजबरी."

सुहासिनीला हसू आवरेना. पुलाखालून आठ वल्ह्यांची एक होडी सरकली. होडीतली पोरं एका तालात मागे-पुढे होत होती.

"आणि नाव कुणाचं नाही," काका पुढे म्हणाले. "कारण लिहिणारा सापडला तर त्याचे कान कापायचे. खरोखरचे! पण मला वेगळंच दिसलं. टेबल वर म्हणणारं एक चोपडं, टेबल खाली म्हणणारं दुसरं. दोन्हीच्या पहिल्या पानावर वर एक वेलबुट्टी. लाकडाचा ठसा. आणि दोन्हीकडे त्या ठशाला डावीकडून तीच चीर. केसासारखी."

"म्हणजे?"

"म्हणजे छापखाना एकच. एक गिऱ्हाईक पुढच्या दाराने, दुसरं मागच्या. मिसेस डॉयल खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. म्हटलं, लिहायला कशाला पाहिजे? इलेक्शनला आमच्याकडे हेच असायचं. दोन्ही उमेदवार एकाच बाकावर प्रूफं वाचत बसायचे. एकाचं प्रूफ दुसऱ्याला दिसू नये म्हणून मध्ये मी चहाचा ट्रे घेऊन उभा!"

काका स्वतःच्याच गोष्टीवर खो खो हसले. सुहासिनीचं हसू मात्र एकदम थांबलं. खांद्यावरची पर्स उघडून तिने आतली दोन्ही पत्रकं काढली आणि कठड्यावर शेजारी शेजारी धरली. 'एक भक्त' याच्या खाली एक छोटं कमळ होतं. 'एक हितचिंतक' याच्या खालीही तेच. दोन्ही कमळांची उजवीकडची पाकळी टोकाशी तुटलेली.

हे कमळ तिने पाहिलं होतं. काकांच्या खोलीत, देवांच्या फोटोशेजारी. छापखाना विकला तेव्हा काकांनी मागून घेतलेला एवढाच एक ठसा. सांगलीहून बोस्टनपर्यंत तो त्यांनी धोतरात गुंडाळून आणला होता.

"काका!"

"हं."

"दोन्ही तुम्ही केलीत?"

"मी जुळवली. लिहिली त्यांनी. इथे मराठी नीट टाइप करणारा दुसरा आहे कोण? राजीव आला, म्हणाला, काका, कुणाला सांगू नका. सुलेखा आली, म्हणाली, काका, कुणाला सांगू नका. मी नाही सांगितलं."

"मंडळाला आग लागलीय आणि तुम्ही दोन्हीकडून काड्या पुरवताय? खाली कमळ आणि लावताय!"

"प्रिंट निघालं की खाली कमळाचा ठसा हाताच्या सवयीने उठतो गं." काका जरा ओशाळले. मग म्हणाले, "रागावू नकोस. मी पुरवलं त्याहून जास्त काढलंय."

"म्हणजे काय?"

"राजीवने लिहिलं होतं, सुलेखाला गणपतीपेक्षा आपली साडी मधोमध दाखवायचीय. मी म्हटलं, राजीव, पानात बसत नाही रे, दोन ओळी जास्त होतात. त्याने काढली. सुलेखाने लिहिलं होतं, राजीवला स्टेज मिळालं नाही तर जेवण जात नाही. म्हटलं, पानात बसत नाही. तिनेही काढली. एकतीस वर्षांत हे वाक्य कधी फुकट गेलं नाही बघ. मोठमोठे लेखक गप्प बसतात. मी नसतो तर ही पत्रकं चार चार पानांची झाली असती."

सुहासिनीला रागवावं की हसावं कळेना. तिने पत्रकं घडी करून ठेवली आणि चालायला लागली. काकाही मागोमाग निघाले. पूल संपला, चढ लागला. काकांना दम लागला तशी तिने पावलं आखडली.

"तुम्ही दोन्ही वाचलीत," ती म्हणाली. "मग बरोबर कोण?"

"जुळाऱ्याने ते सांगायचं नसतं. तू सांग."

"मी? मी आपली मंडळाची मिनिट्स, अहवाल लिहिते."

"गेल्या वर्षीची लिहिलीस. त्यात सगळं आहे का?"

गेल्या वर्षी गणपती स्टेजवरच होता. आरतीच्या वेळी सुलेखाच्या सासूबाई, शैलाताई, वॉकर घेऊन स्टेजच्या पायऱ्यांशी आल्या. पाच पायऱ्या. त्या खाली उभ्या राहिल्या, वरच्या मखराकडे बघून हात जोडले आणि हातातलं जास्वंदीचं फूल पहिल्या पायरीवर ठेवून परत फिरल्या. सुहासिनीने ते पाहिलं होतं. मोदकांचं ताट हातात होतं म्हणून धावता आलं नाही, असं ती स्वतःला सांगत राहिली. त्या रात्री घरच्या देवापुढे दिवा लावताना तिला ते फूल आठवत होतं. मिनिट्समध्ये तिने लिहिलं, 'आरती उत्साहात पार पडली.'

हे सगळं तिने काकांना सांगितलं. मग न थांबता म्हणाली, "राजीवचंही खोटं नाही. मधोमध ठेवला तर पोरं मखराला धक्के मारतील. पण स्टेजच्या पुढ्यात, खाली, भिंतीशी ठेवला तर? चौरंगावर. मखर राजीवचं, जागा सुलेखाची. पायरी एकही नाही."

काका रस्त्याच्या कडेला एका दगडी कुंपणावर बसले. कपाळ पुसलं.

"हे तू मीटिंगमध्ये का नाही बोललीस?"

"कोण ऐकणार? मी झेडपीच्या शाळेत शिकलेली. तिथे सगळे आयआयटीचे."

"तुझ्या शाळेत लिहायला शिकवलं ना?" काका म्हणाले. "मग माझं एक ऐक. आजवर मी कुणाला लिही म्हणून सांगितलेलं नाही. येईल ते जुळवलं. तुला सांगतो. हे सगळं लिही, शैलाताईंच्या फुलासकट. गुरुवारी सकाळी मला आणून दे, रविवारच्या मीटिंगआधी पत्रक काढतो. आणि खाली तुझं नाव घाल, पूर्ण. इथे कुणी कान कापत नाही. पानात बसलं नाही तर मी अक्षर बारीक करीन, पण तुझी एक ओळ काढणार नाही. देशील?"