न बांधलेला जनरेटर

तेव्हा माझी पोस्टिंग उत्तरेतल्या एका उंच चौकीवर होती. मी हवालदार, हेलिपॅडचा इन-चार्ज. गाव सिहोरा. माझ्या हाताखाली नायक रामेश्वर होता, करडीचा. दोघंही भंडारा जिल्ह्यातले, म्हणून आपसात गावच्या बोलीतच बोलायचो.

रोजचं काम ठरलेलं. आठला हेलिकॉप्टर यायचं, रेशन उतरायचं, खाली जाणारं सामान चढायचं. दहानंतर दरीतून वारा उसळायचा. हवा हेलिकॉप्टरला एकदम वर उचलायची आणि लगेच खाली सोडून द्यायची. पायलट त्याला टर्ब्युलन्स म्हणायचे. त्यात नवल काही नव्हतं. त्यासाठीच सामानाला पट्टे बांधतात.

त्या दिवशी हेलिकॉप्टर उशिरा आलं, नऊ पन्नासला. रामेश्वर रजेवर निघाला होता. त्याच फेरीत एक बिघडलेला जनरेटर खाली जायचा होता. तो चढवला. मी पट्टे आणायला वळलो, तेवढ्यात मेजरसाहेब आले.

"सर, लोड अभी बांधा नहीं है."

"टाइम नहीं है. पीछे हटो."

त्यांनी पायलटला अंगठा दाखवला. मी मागे हटलो. हे मी लपवत नाही.

दहा वाजून सहा मिनिटांनी रेडिओवर आवाज आला. "लोड शिफ्टेड. वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

जनरेटर रामेश्वरच्या छातीवर आला होता. चौकशीत मी पट्ट्यांचं सांगितलं. अहवालात एकच कारण आलं. टर्ब्युलन्स.

रिटायर होऊन सिहोऱ्याला आलो. आता हा शब्द कुठेही ऐकू येतो. बाजार पडला की टर्ब्युलन्स, नवरा-बायकोचं बिनसलं की टर्ब्युलन्स. नोकरी बदलताना भाचा म्हणाला, "मामा, लाइफमध्ये थोडा टर्ब्युलन्स आहे." मी जेवणावरून उठलो. त्याला काही कळलं नाही.

गेल्या वर्षी करडीत रामेश्वरचा स्मृतिस्तंभ झाला. पाहुणे म्हणून त्याच साहेबांना बोलावलं. आता ते रिटायर्ड कर्नल. नाव मीच सुचवलं होतं. भाषणात ते म्हणाले, "टर्ब्युलन्सने एक शूर जवान नेला."

रामेश्वरची आई पुढेच बसली होती. तिने मला विचारलं, "बापू, हे टर्बुलन का व्हय?"

मी उभा राहिलो. मागच्यांनाही ऐकू जाईल असं बोललो.

"काकी, हवा उसळते, हेलिकॉप्टर हादरते, त्याले म्हनतेत. पन बांधलेलं सामान त्यानं जागचं हालत नाही."

मग साहेबांकडे वळलो. "सर, जनरेटर बांधा था?"

त्यांनी भाषणाचा कागद खिशात घातला.

"बताइए, सर."

"नहीं."

माइक चालू होता.

काकी उठली. "मंग हवेचं नाव कायले घेता?"

साहेब चहा न घेता निघाले. गाडीपर्यंत सोडायला कोणी गेलं नाही. मी सॅल्यूट केला नाही. मला बरं वाटलं. आजही वाटतं.

नायक रामेश्वर, वय अठ्ठावीस. रजा पंधरा दिवसांची मंजूर होती. अर्जावर कारण त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : धानाची रोवणी.