कुठेच खोट सापडेना

माझा नवरा वजनकाट्यावर कामाला आहे. ट्रक आधी भरलेला तोलायचा, मग रिकामा, मधला फरक तो माल. ड्रायव्हर कितीही गोड बोलला तरी यांची नजर काट्यावरून हलत नाही. असा माणूस शहरात तिघांत एक खोली घेऊन राहायला गेला, आणि त्याला चढवून द्यायला घरी मी होते. पुढे जे झालं त्यात निम्मा दोष माझा, हे आधीच सांगून टाकते.

ठरलं होतं असं की शाळा उघडायच्या आत यांनी वेगळ्या खोलीच्या डिपॉझिटपुरते पैसे साठवायचे. मग मी लेकीला घेऊन तिकडे जायचं आणि तिचं पहिलीत नाव तिथेच घालायचं.

खोलीत यांच्याशिवाय एक बसड्रायव्हर आणि एक रंगारी. रंगारी सगळ्यांत जुना, पन्नाशी उलटलेला. एक तारखेला त्याच्या हातात पैसे ठेवायचे. भाडं, किराणा, गॅस, वीज सगळं तोच बघायचा. पावती नाही की चिठ्ठी नाही.

"विचारत का नाही त्याला?" मी फोनवर म्हटलं.

"मी नवा आहे. कसं विचारू?"

"परक्याच्या हाती पगार देताना लाज वाटत नाही, विचारताना वाटते?"

पाल यांच्याही मनात चुकचुकलीच होती. तांदळाची पिशवी गोदामातल्या लहान काट्यावर नेऊन तोलली. दहा किलो, वर पिशवीचं वजन. डाळ बरोबर. तेलाच्या बाटलीवर पेनाने रेघ मारली. तेल जायला हवं तेवढंच गेलं. एका रविवारी गॅसची नवी टाकीसुद्धा खांद्यावर घेऊन नेली, रंगाऱ्याला सांगितलं की गळते का ते दाखवून आणतो. तीही भरलेली निघाली.

शहाण्या बाईने इथे गप्प बसावं. मी म्हटलं, "इतका चोख म्हणजे मुरलेला असणार. कुठेतरी पाणी मुरतंय. जरा दुकानात जाऊन भाव काढा."

हे दुकानात गेले, घरमालकाकडेही जाऊन आले. सगळं जोडून तिघांत भागलं, तर एकेकाचा वाटा हे देत होते त्याच्या दीडपट आला. पुन्हा जोडलं, तेवढाच. रंगारी पैसे खात नव्हता, उलट यांच्या वाट्यात कुणीतरी भर घालत होतं.

माझी तर झोपच उडाली. फुकट कोण कुणाचं करतं? उद्या एकदम सगळं मागेल, कसल्यातरी कागदावर सही घेईल. "त्याला काय हवंय ते तोंडावर विचारा," मी म्हटलं.

यांनी विचारलं, तेही ड्रायव्हरसमोर. "मामा, माझे पैसे तुम्ही का भरता? मोबदल्यात काय पाहिजे?"

रंगारी रॉकेलच्या बोळ्याने हातावरचा रंग काढत होता. म्हणाला, "काही नको. आम्ही दोघं थोडे थोडे घालतो. तू लेकीच्या शाळेचं बोललास, तेव्हाच शाळा उघडेपर्यंत घालायचे असं आमचं ठरलं. मी आलो तेव्हा असं कुणी केलं नाही. माझी माणसं गावाकडे राहिली ती राहिलीच."

ड्रायव्हर उठून बाहेर गेला. रंगाऱ्याने बोळा टाकला, हात धुतले.

"पण तुला घोर लागत असेल तर नको, बाबा. पुढच्या महिन्यापासून सारखा वाटा देत जा."

"नको मामा, चाललंय तसं चालू द्या" असं हे कुठल्या तोंडाने म्हणणार होते? मुकाट्याने पूर्ण वाटा द्यायला लागले. दर महिन्याला हातात शिल्लक म्हणून जे राहायचं ते राहीनासं झालं.

शाळा उघडल्या. लेकीचं नाव मी इथेच घातलं. बाबांनी खोली का नाही घेतली, असं ती अधूनमधून विचारते. मी सांगते, तिकडे महागाई फार आहे. आईने विचारू नये ते विचारायला लावलं, हे तिला सांगायची माझी अजून हिंमत होत नाही.