मामांची किवी

फळांच्या नावासाठी आमच्या मामांइतका झटणारा माणूस उभ्या पृथ्वीवर दुसरा नसेल. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. सगळी नोकरी त्यांनी खडकीच्या एका सरकारी भांडारात काढली. खिळ्यांच्या डब्यावरसुद्धा चुकीची चिठ्ठी त्यांना खपायची नाही. निवृत्त होऊन वाघोलीला फ्लॅटमध्ये राहायला आले; भांडार सुटलं, खोड सुटली नाही. मग त्यांनी जगातल्या फळांकडे मोर्चा वळवला, आणि का कोण जाणे, त्यांचा सगळ्यांत जास्त जीव जडला तो किवीवर. नगर रस्त्यावरच्या हातगाडीवाल्याने सहज म्हणावं, "घ्या काका, न्यूझीलंडचं हाय," की मामांनी पिशवी खाली ठेवलीच म्हणून समजा. "न्यूझीलंडचं नाही, मूळ चीनचं. तिकडे याला म्हणतात मिहोउताओ, म्हणजे माकडांचं पीच. न्यूझीलंडला एका शाळेच्या बाईंनी बी नेलं. तिथे आधी चायनीज गूजबेरी म्हणत. पुढे परदेशात खपेना, म्हणून त्यांच्याकडच्या पक्ष्याचं नाव दिलं." मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. गाडीवाला शांतपणे म्हणाला, "बरं, चीनचं. किती देऊ?"

आमच्याकडे आले की तेच. एकदा माझ्या बायकोने हौसेने किवीचं मिल्कशेक केलं. मामांनी ग्लास हातात घेतला आणि घड्याळाकडे बघत बसले. "घ्या ना मामा," ती म्हणाली. "थांब. या फळात दूध फोडणारा एक पदार्थ असतो. थोड्या वेळाने हे कडू लागतं की नाही, ते बघायचंय." लागलं. मग तो कडू ग्लास त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत आनंदाने संपवला आणि किवीची भावंडं सांगायला घेतली. एक द्राक्षाएवढं, बिनकेसांचं, सालासकट खायचं. एक आतून पिवळंधमक. आणि एक असं, की त्याच्या नुसत्या काडीने मांजरं पिसाळतात. हे शेवटचं आम्हाला थाप वाटली. मामांनी त्या काड्या ऑनलाइन मागवल्या आणि दारात ठेवल्या. दुपारपर्यंत सोसायटीतली तीन मांजरं त्यांच्या पायपुसण्यावर चारी पाय वर करून लोळत होती. सेक्रेटरी जिना चढून आले. "अहो, दारात मांजरांचं लग्न लावताय का?" मामा म्हणाले, "आपण चुकताय. हा प्रयोग आहे."

या सगळ्याचा कळस म्हणजे वेल. किवीत नर आणि मादी वेल वेगळे, त्यामुळे मामांनी हिमाचलातल्या एका रोपवाटिकेतून जोडी मागवली आणि छप्पर असलेल्या बाल्कनीत दोन मोठ्या कुंड्यांत लावली. या झाडाला फळ धरायला कडक थंडी लागते. ती वाघोलीत कुठून आणणार? तर मामा डिसेंबरात रोज पहाटे उठून फ्रीजमधला बर्फ कुंड्यांत ओतायचे. मामींना सरबताला कधी खडा मिळाला नाही. चार वर्षांत फूल सोडा, कळीही नाही. मामी आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या संसारात मला एवढं जपलं असतं, तर मीही वेलासारखी चढले असते."

गेल्या ऑक्टोबरात मामींना डेंग्यू झाला. प्लेटलेट भराभर खाली आल्या आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. पुण्यात डेंग्यू म्हटला की भेटायला येणारा प्रत्येक जण किवी घेऊन येतो. दोन दिवसांत उशाशी किवीचा ढीग लागला. किवीने प्लेटलेट वाढतात हे ऐकलं की एरवी मामा भडकायचे, पुरावा मागायचे. मी धास्तावून होतो, आता व्याख्यान सुरू होणार. पहिल्या दिवशी त्यांनी तोंड उघडलंही. मामी डोळे मिटूनच म्हणाल्या, "अहो, आज माहिती नको. सोलून द्या."

मामांनी सोलली. पातळ चकत्या करून एकेक भरवली. नंतरचे अकरा दिवस ते तिथेच, खुर्चीत. नातेवाईक काहीबाही बोलायचे, कुणी किवीला परदेशी चिकू म्हणालं, कुणी काय. मामा "हो, हो" म्हणत सोलत राहायचे. रोज रक्ताचा रिपोर्ट आला की चष्मा पुसून तीनतीनदा वाचायचे. पाचव्या दिवशी आकडा आणखी खाली गेला, तेव्हा कॉरिडॉरमध्ये माझा हात धरून म्हणाले, "जावईबापू, खरंच वाढत असतील का हो यानं?" मी म्हटलं, "वाढतात, मामा. सगळे म्हणतात." त्यांनी मान डोलावली आणि खाली जाऊन आणखी किवी आणल्या.

पुढे मामी हळूहळू सावरल्या. बाराव्या दिवशी मीच दोघांना गाडीने वाघोलीला आणलं. मामी भिंतीला धरत धरत आधी बाल्कनीत गेल्या. ऑक्टोबरच्या उन्हाने कुंड्यांतल्या मातीला भेगा पडल्या होत्या आणि दोन्ही वेल पार वाळले होते. एक पान बोटांनी चिमटलं, त्याचा चुरा झाला.

"अहो, शेजारी किल्ली देऊन पाणी घालायला सांगायचं होतंत ना," मामी म्हणाल्या. "चार वर्षं वाढवलेत."

मामा औषधांची पिशवी घेऊन दारातच उभे होते.

"लक्षातच आलं नाही गं," ते म्हणाले. "वेल आहेत, हेच लक्षात आलं नाही."

मामींनी मामांच्या हातातली पिशवी काढून घेतली, खाली ठेवली, आणि दोघं तिथेच बाल्कनीच्या उंबऱ्यावर टेकली. मी पाणी आणण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो, आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.