घळीत घातलेला बांध

लेकरू दात येण्याआधी गेलं तर त्याला जाळत नाहीत, पुरतात. माझी थोरली मुलगी तशीच गेली. तिला आमच्या शेताच्या खालच्या कोपऱ्यात, बाभळीजवळ पुरलं आणि वर तीन दगड ठेवले. अशा लेकरासाठी फार रडायचं नसतं, असं बायका मला समजावत होत्या. मी रडले. कुणाला विचारून रडायची सवय मला कधीच नव्हती.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा आणि आमच्या घरचा रागावर. डोणगावच्या वाटेवरच्या जमिनीच्या वाटण्या झाल्या होत्या. वरचं शेत आम्हाला आलं आणि खालचं माझ्या भासऱ्यांना, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला. विहीर तेवढी सामाईक राहिली. त्या वाटणीपासून दोघा भावांत बोलणं नव्हतं. आणि भासऱ्यांपुढे मी तर तोंडच उघडायचं नाही, पदर ओढून बाजूला व्हायचं, अशी रीत.

भासऱ्यांच्या शेतातून निघालेली घळ दर पावसाळ्यात वर आमच्याकडे सरकत होती. माती तुटून नाल्यात जायची. एका वर्षी बाभळीची मुळं उघडी पडलेली दिसली. शेतकी खात्याचा कामदार येऊन बघून गेला. घळीच्या तोंडाशी दगडी बांध घाला, पाणी अडेल, गाळ बसेल, घळ आपोआप भरत येईल, असं त्यानं सांगितलं. पण घळीचं तोंड भासऱ्यांच्या शेतात. त्यांनी कामदाराला उडवून लावलं. पाणी तुंबलं की कपाशी पिवळी पडते, बांधावर हराळी माजते, म्हणाले. ते काही खोटं नव्हतं. काळ्या जमिनीत तसं होतंच.

मी नवऱ्याला म्हटलं, जाऊन भावाशी बोला.

"त्याच्या दारात मी जात नसतो," एवढंच उत्तर.

लेक वाहून जायची वेळ आली तरी गड्याचा ताठा कायम! मला त्याचा असा संताप आला की त्या दिवशी दोन्ही वेळा भाकरी त्याच्यापुढे आदळली.

मग एका सकाळी भासरे विहिरीवर बैलाला पाणी पाजताना दिसले. मी घागर खाली ठेवली, पदर पुढे ओढला आणि तोंड बैलाकडे केलं.

"ढवळ्या, तुह्या धन्याले सांग. बांध घातला तं त्यायची कपाशी पिवळी पडन, मले समजते. पन नाही घातला तं माही पोरगी नाल्यानं वाहून जाईन. बाभळीची मुळं उघडी पडली, म्हनावं."

भासऱ्यांनी ढवळ्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तेही बैलालाच म्हणाले, "सांग बे ढवळ्या तिले, मले हे कोनी सांगतलंच नव्हतं. उद्या दगड आनतो."

दुसऱ्या दिवशी गाडीभर दगड घेऊन ते घळीत उतरले. माझा नवरा धुऱ्यावर, दोन्ही शेतांच्या हद्दीवर, उभा राहून बघत होता. शेवटी तोही खाली उतरला आणि दगड उचलून त्यांच्या हातात द्यायला लागला. बोलले नाहीत एकमेकांशी. काम मात्र पक्कं केलं दोघांनी.

त्या पावसाळ्यात बांधाला लागून भासऱ्यांची कपाशी पिवळी पडलीच. त्यांनी चकार शब्द काढला नाही. पुढच्या काही पावसाळ्यांत घळ गाळानं भरत आली, गाळ आमच्या कोपऱ्यापर्यंत चढला. पाण्यात उभी राहून बाभूळ वाळली, ती तोडावी लागली. तिन्ही दगड मातीखाली गेले. वरून एकसारखी काळीभोर जमीन तयार झाली, बघणाऱ्यानं हेवा करावा अशी.

त्या जमिनीत पहिली ज्वारी पेरायची होती तेव्हा नवरा तापानं पडला होता. भासरे पेरणीची तिफण घेऊन आले. तिफणीच्या चाड्यात मुठीनं बी सोडायला मी मागून चालत होते. कोपरा जवळ आला तसे त्यांनी बैल थांबवले आणि मान न वळवता सरळ मलाच विचारलं, "कुठी हाय ते सांग. तेवढी जागा सोडून देतो."

मी पुढे झाले, मागे आले. वाकून बघितलं. इकडून बाभळीचा अंदाज घ्यावा तर बाभूळ नाही, तिकडून घळीचा घ्यावा तर घळ नाही. जिला वाचवायला एवढा आटापिटा केला, ती कुठे आहे हे मला दाखवता येईना.

"हाका, दादा," मी म्हणाले.

त्या कोपऱ्यात मी बी फार हळू सोडलं.