एका घरातून एकच

आमच्या समितीची नियमावली माझ्या नवऱ्याने लिहिली, तिसगावात, आमच्या घराच्या ओट्यावर बसून. हे मुद्दाम आधी सांगते, कारण पुढे जे झालं त्याला तो मला, पोलंडमधल्या दोन भावांना आणि एकूण लोकशाहीला जबाबदार धरत होता.

आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले. पुण्यातली नोकरी घरून करायची मुभा मिळाली तेव्हा त्याच्या गावी येऊन राहिलो. पगाराच्या कामाशिवाय आणखी एक काम आम्ही बिनपगारी करायचो. मोबाईलवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. ज्यांना दिसत नाही अशी माणसं ते जगभर वापरतात. त्याला मालक नाही. कुणीही घ्यावं, कुणीही सुधारावं. माझा नवरा त्यातला बोलणारा भाग लिहायचा. मी लोकांच्या तक्रारी वाचायचे, उत्तरं द्यायचे आणि मराठी शब्दांचे उच्चार दुरुस्त करायचे.

ज्या माणसाने हे सगळं सुरू केलं होतं तो एक दिवस कंटाळून बाजूला झाला. मग ठरलं की पाच जणांची तांत्रिक समिती निवडायची आणि काय घ्यायचं, काय टाकायचं हे तिने बहुमताने ठरवायचं. नियम लिहायला कुणी तयार होईना. माझा नवरा झाला.

त्याने फार मनापासून लिहिले. पहिला नियम असा की नुसत्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाच मत नको, भाषांतर करणाऱ्यांना आणि तक्रारी सोडवणाऱ्यांनाही हवं. दुसरा नियम, एका कंपनीतले दोघे समितीवर नकोत. इथवर ठीक होतं. मग त्याला याच सॉफ्टवेअरवर काम करणारे पोलंडचे ते दोघे भाऊ आठवले. ते त्याच्या प्रत्येक सूचनेला एकत्र विरोध करायचे. त्याने वाक्य वाढवलं आणि मला वाचून दाखवलं, "एका कंपनीतले किंवा एका घरातले."

मी लसूण सोलत होते. म्हटलं, "घरातले कशाला?"

"तत्त्व म्हणजे तत्त्व," तो म्हणाला.

नियमावली मंजूर झाली. लोकांनी त्याचं कौतुक केलं, ते त्याने मला दोनदा वाचून दाखवलं.

निवडणूक लागली. तो उभा राहणार हे उघड होतं. भाषांतर करणाऱ्या लोकांनी माझंही नाव सुचवलं. मी नको म्हणत होते, तर हाच म्हणाला, "राहा गं उभी. पडशील, पण अनुभव येईल."

निकाल लागला तेव्हा मी तिसरी होते आणि तो पाचवा. ज्या भाषांतरवाल्यांना त्याने भांडून मत मिळवून दिलं होतं, त्यांनी ते मला दिलं होतं. एका घरातले दोघे निवडून आले तर कमी मतं असलेल्याने बाजूला व्हायचं, असंही त्यानेच लिहून ठेवलं होतं. त्याच्या जागी सहावा उमेदवार आला. तो पोलंडचा थोरला भाऊ. धाकटा उभाच राहिला नव्हता, त्यामुळे त्यांच्या घराला नियमाचा काही त्रास झाला नाही.

त्या दिवशी तो जेवताना घर या शब्दाच्या अर्थावर बरंच बोलला.

माझे सासरे, ज्यांना घरात सगळे दादा म्हणतात, गावातल्या सोसायटीचे संचालक होते. निवडणूक म्हटलं की त्यांचे कान उभे राहतात. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मुलाला म्हणाले, "मग आडलंय कुठं? सही ती करंल, कारभार तू बघ. आपल्याकडं सरपंचबाईचं असंच असतंय."

नवरा खवळला. बायकांना निवडून आणायचं आणि खुर्चीवर नवऱ्याने बसायचं, हीच आपल्याकडची कीड कशी आहे, हे त्याने वडिलांना भाकरी संपेपर्यंत समजावलं. दादा नुसते "व्हय, व्हय" करत राहिले.

पहिली बैठक संध्याकाळची होती, धारा काढायच्या वेळची. समितीच्या अध्यक्ष ब्राझीलच्या एक बाई होत्या, त्यांच्याकडे तेव्हा सकाळ. मी कॅमेऱ्यासमोर बसले, तर नवरा कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने कोपऱ्यातल्या कॉटवर येऊन बसला. म्हणे, तांत्रिक काही अडलं तर असावं कुणी. जरा वेळाने माझ्या मोबाईलवर त्याचे निरोप यायला लागले. "हे मान्य करू नकोस." "त्याला विचार, कशावरून." "जरा ठाम बोल." दादा दारातून डोकावले, कॉटवरच्या मुलाकडे पाहिलं, गालातल्या गालात हसले आणि गोठ्याकडे गेले.

असे काही महिने गेले. मग समितीपुढे त्याचाच प्रस्ताव आला. बोलणारा भाग त्याने नव्याने लिहिला होता. आवाज खरोखर माणसासारखा होता, गोड होता. त्याने त्यासाठी कितीतरी रविवार घातले होते, मी पाहत होते. पण तो जुन्या, स्वस्त मोबाईलवर चालत नव्हता आणि जुना आवाज बंद करायचा, असं प्रस्तावात होतं.

शेवगावकडच्या एका शाळेत एक शिक्षक आहेत, त्यांना दिसत नाही. उच्चारांच्या चुका कळवता कळवता त्यांची माझी ओळख झालेली. त्यांनी बोलून निरोप पाठवला होता, "मॅडम, नवीन आवाज लई गोड हाय म्हणत्यात. पण आमचा फोन त्याला घरात घेईल का?"

मी हे नवऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "जग पुढं जातं. फोन बदलतील लोक."

मतदानाच्या दिवशी पोलंडच्या भावाने हरकत घेतली. प्रस्ताव या सदस्यांच्या पतीचा आहे, त्यांनी मत द्यावं का? कॉटवरून दोन्ही हात हलायला लागले. मोबाईलवर निरोप आला, "नियमात फक्त निवडून येण्याबद्दल आहे! मताबद्दल काहीही नाही! तुझा हक्क आहे, सोडू नकोस!"

मी अध्यक्षबाईंना सांगितलं की नियमात तसं काही नाही. त्यांनी नियमावली उघडून पाहिली आणि माझा हक्क मान्य केला. कॉटवर समाधान पसरलं.

दोन मतं बाजूने होती, दोन विरुद्ध. माझी पाळी आली. मी विरोधात मत दिलं.

कॉटची एक पट्टी करकरली. मी मान वळवली नाही. बैठक संपली तेव्हा तो खोलीत नव्हता. विहिरीची मोटर चालू करतो असं दादांना सांगून गेला होता. शेतातली लाईट दुपारपासून नव्हती.

दादांनी विचारलं, "काय झालं गं?"

"दादा, मी ह्यांच्या विरोधात मत दिलं."

ते हातातला कासरा तसाच धरून उभे राहिले. सोसायटीत त्यांनी बरंच पाहिलं होतं, पण घरातलं मत फुटलेलं पाहिलं नव्हतं. मग जरा जवळ येऊन हळूच म्हणाले, "तिकडनं काय आमिष हुतं का?"

त्यानंतरचे काही दिवस आमच्या घरात कुणी ओरडलं नाही. नवरा माझ्याशी बोलत होता, फक्त प्रकल्पाच्या जाहीर चर्चेच्या पानावर. शेजारच्या खोलीतून, अत्यंत शुद्ध इंग्रजीत. "सन्माननीय समिती सदस्यांनी आपल्या मताची कारणं नोंदवावीत, ही विनंती." मीही कारणं नोंदवली आणि त्यांच्या परिश्रमांबद्दल आदर व्यक्त केला. मग उठून त्यांना वरण वाढलं. जगभरातले लोक ती चर्चा वाचत होते. अध्यक्षबाईंनी मला खाजगीत विचारलं, "तुम्ही अजून एकाच घरात राहता ना?"

हसू आलं, पण बरं वाटत नव्हतं. त्याचं काम वाया गेलं होतं आणि ते मी घालवलं होतं. मत चुकीचं होतं असं मला एकदाही वाटलं नाही. तरी स्वयंपाक करताना मधेच हात थांबायचा.

शेवटी एका सकाळी तोच चहा घेऊन आला आणि म्हणाला, "तुझ्या त्या सरांचा फोन बघता येईल का?"

आम्ही मोटारसायकलवर शेवगावला गेलो. सरांनी फोन पुढे केला. काचेला तडे गेलेले, पण त्यांना काच कुठे लागत होती? नवऱ्याने नवा आवाज त्यावर घातला. आवाज एक अक्षर बोलला, थांबला, दुसरं बोलला, आणि फोन तापून बंद पडला. सर म्हणाले, "आवाज चांगला हाय. बोलायला लाजतोय फकस्त."

नवरा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. येताना त्याने मोटारसायकल अगदी सावकाश चालवली. तो मनात हिशोब जुळवत होता, काय कापता येईल, काय हलकं करता येईल.

त्या कामाला उन्हाळा गेला, पावसाळाही बराचसा गेला. तो नव्याने प्रस्ताव घेऊन आला तेव्हा आवाज थोडा कमी गोड होता, पण सरांच्या फोनवर न थांबता बोलत होता. या वेळी मी आपणहून मतदानातून बाहेर राहिले. प्रस्ताव तीन विरुद्ध एक असा मंजूर झाला. तिसरं मत पोलंडच्या भावाचं होतं.

"त्याचं?" नवऱ्याने मला दोनदा विचारलं. मग आभाराचा मजकूर लिहायला बसला. चार ओळींना त्याला सबंध दुपार लागली.

यंदा मी उभी राहिले नाही. तक्रारींचा ढीग साचला होता आणि मला त्यातच जास्त करमतं. तो उभा राहिला आणि निवडून आला. पहिल्या बैठकीला त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, लॅपटॉप उघडला. मी बाजाराची पिशवी घेऊन निघाले, तर दादांनी मला दारातच अडवलं.

"आगं, तू कुठं निघाली? बस की त्याच्याजवळ. येकटा कायबी बोलून बसंल."

आतून अध्यक्षबाईंचा आवाज येत होता. मी म्हटलं, "बोलू द्या, दादा," आणि चपला घातल्या.