नावाचं शेपूट

मला एका नावानं हाक मारणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते कितीतरी वर्षं हरवलं होतं. ते नाव इथं सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, दुसऱ्याच्या तोंडी ते बसतच नाही. माझं माहेरचं साधं नाव आणि त्याच्या शेवटी लावलेलं 'आइड', क्लोराइड-ऑक्साइडमधलं. लावणारी माझी बाकावरची मैत्रीण.

आम्ही सानगडीच्या. आमची तलावाखाली धानाची शेती, आणि तिचा बाप त्याच तलावात जाळं टाकायचा, शिंगाडे लावायचा. थंडीत ती उकडलेले शिंगाडे खिशात भरून आणायची. मागच्या बाकावर बसून आम्ही ते सोलायचो आणि बोटं काळीकुट्ट व्हायची. कोण लक्ष देऊन राहिलं आणि कोण खाऊन राहिलं, हे सरांना बोटांवरूनच समजायचं.

नववीत सरांनी आयनिक बंध शिकवला. सोडियम आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो. देणारा धन आयन, घेणारा ऋण आयन, मग दोघं एकमेकांना धरून बसतात आणि त्याचं होते आपलं जेवणातलं मीठ. सर गाडी पकडायची असल्यासारखे बोलायचे, त्यामुळे धन आयनचं 'धनायन' होऊन जायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला उभं करून विचारलं, इलेक्ट्रॉन देणाऱ्याला काय म्हणतात.

"धानायन," ती म्हणाली.

अख्खा वर्ग हसला. ती काही हटली नाही. "धान देते थो धानायन, सर." तिचंही बरोबरच होतं म्हणा. आमच्याकडे कोणी कोणाला काही द्यायचं म्हटलं तर पायलीभर धानच द्यायचा, इलेक्ट्रॉन कोणी पाहिला होता.

मग सर नावांवर आले. देणाऱ्याचं नाव आधी घ्यायचं, जसंच्या तसं. सोडियम तो सोडियमच. घेणाऱ्याचं मागून घ्यायचं आणि शेपूट बदलायचं, क्लोरीनचं क्लोराइड. तिचा हात पुन्हा वर.

"सर, घेणाऱ्याचं नाव काहून बदलते? आमच्याकडे तं देल्या पोरीचं बदलते."

त्याच उन्हाळ्यात तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न झालं होतं. नवरदेवानं ताटातल्या तांदळात बोटानं नवं नाव लिहिलं होतं, आणि आम्ही दोघी माना लांब करून ते वाचत होतो. सरांनी फळा पुसायला घेतला. मग म्हणाले, "परीक्षेत असं लिहू नको, बाई."

त्या दिवसापासून तिनं माझ्या नावाला आइड लावलं आणि मी तिच्या. तलावाच्या पाळीवरून ती अशी ओरडायची की म्हशीसुद्धा वर पाहायच्या. पुढं सरांनी सहसंयुज बंध शिकवला, त्यात कोणी देत नाही, कोणी घेत नाही, दोघं इलेक्ट्रॉन वाटून घेतात. "शिंगाड्यावाणी," ती माझ्या कानात म्हणाली. मला रसायनशास्त्र आवडलं ते तिथं. लोकांना वाटते मी फार हुशार होते. हुशार ती होती, मी फक्त तिच्या बाजूला बसले होते.

दहावीनंतर मला नागपूरला पाठवलं. दिवाळीत मी घरी यायची तेव्हा ती असायचीच. एका दिवाळीत आले, तर नव्हती. आई म्हणाली, "देली ना तिले, कारध्याकडे." एवढंच. लग्नाची मला खबर नाही, तांदळात काय नाव लिहिलं ते कोणाला धड सांगता येईना. तिचे मायबाप मुलापाशी राजनांदगावला निघून गेले आणि विचारायलाही दार उरलं नाही.

माझंही पुढं तेच झालं. माझं बारशातलं नाव सासूबाईंना जुनाट वाटलं. मी एमएस्सी झालेली, तरी तांदळात लिहिलेल्या नावाकडे पाहून मुकाट्यानं हसले. अजून राग येतो. आता शाळेत, बँकेत, आधारकार्डावर मी ती दुसरीच कोणी आहे. नवरा भला आहे, त्यानंही कधी जुन्या नावानं हाक मारली नाही, आणि मी कशाला सांगू.

नशिबानं शिक्षिकेची नोकरी भंडाऱ्यात मिळाली. मध्ये फक्त वैनगंगा, पूल ओलांडला की कारधा. मासळीवाल्या बायकांपाशी जाऊन मी कितीदा तिचं नाव घेऊन विचारलं. "अशी कोणी नाही बा इकडे," हेच उत्तर. नसणारच. त्या नावाची बाई त्या गावात कधी आलीच नव्हती.

यंदा नववीला आयनिक बंध शिकवत होते. पुलापलीकडून येणारी एक मुलगी, बोलकी, जरा आगाऊच. तिला उभं करून विचारलं, इलेक्ट्रॉन देणाऱ्याला काय म्हणतात.

"धानायन, मॅडम."

वर्ग हसला. मी विचारलं, हे कोणी शिकवलं.

"मम्मीनं. धान देते थो धानायन म्हणे."

"मम्मीचं माहेर कोणतं गं?"

"सानगडी."

सुटी झाल्यावर तिला थांबवलं आणि आइड लावलेलं माझं नाव तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. तिला मजा वाटली. म्हटलं, घरी जाऊन मम्मीला एवढंच सांग. वर्षभर ती पोरगी घरी 'विज्ञानाच्या मॅडम' सांगत असेल, माझं सासरचं नाव घेत असेल, आणि तिची आई चुलीपाशी बसून ऐकत असेल.

दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "मम्मी आधी हासली. मंग पदर लावला तोंडाले. शनिवारी पालकसभेले येतो म्हणते."

शनिवारपर्यंत मी काय शिकवलं, देवाला माहीत.

ती आली. डोक्यावरून पदर, हातात पिशवी, केस माझ्याइतकेच पांढरे. सगळे शिक्षक बसलेले, पालकांची रांग. ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, पोरगी बराबर शिकते ना?"

मला वाटलं, गंमत करते. मी तिला तिच्या जुन्या नावानं हाक मारली, आइड लावून. तिच्या ओठाचा कोपरा हलला, तसाच, नववीतल्यासारखा. मग तिनं बाजूला उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं.

"तांदळात नवं नाव लिहलं, मॅडम. जुनं कुठं गेलं, मलेच मालूम नाही."

मी उठून तिला व्हरांड्यात नेलं. म्हटलं, तू माझं तरी म्हण. एकदाच म्हण.

"पोरगी शिकते अथी, तुमच्या शाळेत," ती हळूच म्हणाली. "मी तुम्हाले तसं म्हटलं तं उद्या पोरं तिले हासतीन. अन् तुम्हालेही." मी म्हटलं, हसू दे ना. तिनं मान हलवली. पिशवी माझ्या हातात दिली आणि तिची बोटं माझ्या बोटांवर थोडी जास्तच वेळ राहिली.

"येतो, मॅडम."

पिशवीत उकडलेले शिंगाडे होते, अजून गरम. मी स्टाफरूममध्ये कोपऱ्यात बसून सोलले. कोणी म्हणालं, मॅडम, बोटं काळी होतील. होऊ दे म्हटलं.

आमच्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. बाया-पुरुष सगळेच म्हणतात, त्याचा अर्थ कोणी धरत नाही. मी धरून बसले आहे. नववीचा तास असला की माझं अर्धं लक्ष फाटकाकडे असते.