क्लीनरूमच्या दारातल्या मावशी

निघोजेजवळच्या आमच्या कंपनीत डोळ्यांसमोर चित्रं दाखवणाऱ्या हलक्या चष्म्यांच्या काचा बनतात. काचेवरची नक्षी केसाहूनही कितीतरी बारीक असते, त्यामुळे धुळीचा एक कण बसला तरी काच भंगारात जाते. म्हणून काचा बनतात त्या धूळमुक्त खोलीच्या, क्लीनरूमच्या दारात मावशी बसतात. त्या गावातल्याच, कंत्राटावर कामाला. समोरच्याची टोपी, बाह्या, बूट बघून झाले की मग त्या चेहऱ्याकडे बघतात. मला तर रोज एकदा तरी परत पाठवतात.

एकदा परदेशी पाहुण्यांना घेऊन मोठे साहेब आले. मावशींनी हात आडवा धरला.

"सायेब, तोंडाला पावडर हाय. धुऊन या."

"मी कोण आहे, माहीत आहे का?"

"व्हय की. म्हणून तर सायेब म्हणलं."

मी मागेच उभा होतो. साहेबांच्या एका शब्दावर मावशींचं काम गेलं असतं. पण पाहुणे बघत होते, म्हणून साहेब मुकाट्याने तोंड धुऊन आले.

दुसऱ्या दिवशी मी धास्तावूनच आलो, तर मावशी जागेवर होत्या. दारावर नवी नोटीस होती: पावडर लावून आत येऊ नये. खाली साहेबांची सही.

मावशींनी ती सावकाश वाचली.

"बघा," त्या मला म्हणाल्या, "सायबांचं किती बारीक लक्ष हाय."